बकच्छपाचा जन्मदाता

१९ सप्टेंबर १९२३ या दिवशी कलकत्त्यातील यू. राय अँड सन्स या संस्थेने लहान मुलांच्या कवितांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. 'आबोल ताबोल' हे त्याचे नाव. असंबद्ध बडबड, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तकातील कविता, चित्रे, मुखपृष्ठ आणि पानांची मांडणी हे सारे एकाच माणसाच्या हातचे होते. छापून आलेले पुस्तक हाती घेण्यास मात्र तो माणूस उरला नव्हता. नऊ दिवस आधी, १० सप्टेंबरला, गडपार रोडवरील १०० क्रमांकाच्या घरी सुकुमार राय यांचे काळाआजाराने निधन झाले होते. त्यांनी वयाची ३६ वर्षेही पुरी केली नव्हती.

मराठी वाचकांना सुकुमार राय यांची ओळख बहुधा सत्यजित राय यांचे वडील म्हणून असते. बंगालमध्ये गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे मूल अक्षरे गिरवू लागण्यापूर्वीच सुकुमारांच्या कविता त्याच्या कानांवर पडतात आणि त्यांनी घडविलेले शब्द मोठेपणीही त्याच्या तोंडी राहतात. कधीही न हसणाऱ्या माणसाला बंगाली माणूस 'रामगरुडाचे पिल्लू' म्हणतो. दोन विजोड गोष्टींची मोट कोणी बांधली की 'हाँसजारू' हा शब्द आपोआप पुढे येतो. हे शब्द कोणत्या पंडितसभेने मंजूर केले नाहीत आणि कोणत्या शासकीय परिभाषाकोशातूनही आले नाहीत. एका छापखानदाराने मुलांना हसविण्यासाठी ते रचले आणि भाषेने ते ठेवून घेतले.

सुकुमारांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मूळचे मैमनसिंह जिल्ह्यातले. लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रणतज्ज्ञ अशा अनेक नात्यांनी ते प्रसिद्ध होते. सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये ज्या कथेवर चित्रपट काढला, ती 'गुपी गाइन' ही मूळ कथा त्यांचीच. भारतात हाफटोन ब्लॉक बनविण्याचे तंत्र स्वतःच्या प्रयोगांनी विकसित करणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते. आई विधुमुखी या समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. द्वारकानाथांच्या द्वितीय पत्नी कादंबिनी गांगुली या आपल्या आनंदीबाई जोशींच्याच पिढीतल्या, भारतातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. ब्राह्मो समाजाचे संस्कार, विज्ञानाची आवड आणि घरात सतत चालणारे गाणे-चित्रकलेचे उद्योग, अशा वातावरणात सहा भावंडे वाढली. उपेंद्रकिशोरांचे स्नेही रवींद्रनाथ टागोर यांच्या 'राजर्षी' या कादंबरीत हासी आणि ताता अशी भावंडे आहेत. थोरली मुलगी सुखलता आणि तिच्या पाठचा सुकुमार यांना घरात हीच नावे पडली. कवितेत शेकडो नावे निर्माण करणाऱ्या या माणसाचे घरचे नावच असे एका पुस्तकातून आलेले होते.

शब्द घडविण्याचा खेळ त्यांनी फार लवकर सुरू केला. धाकटी बहीण पुण्यलता चक्रवर्ती यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. वडिलांच्या संग्रहातील प्राण्यांचे एक जाडजूड पुस्तक उघडून ताता भावंडांना गोष्टी सांगत असे. पुस्तकातले प्राणी संपले की त्याचे स्वतःचे प्राणी सुरू होत. डुलत डुलत चालणारा लठ्ठ भवंदोला, लांब मान वेळावणारा मंतुपाइन, अंधाऱ्या कोपऱ्यात लटकून राहणारा गोल तोंडाचा कोम्पू. यांतल्या एकाही नावाला कोशात अर्थ नाही, पण ऐकणाऱ्या मुलांना प्रत्येकाचे रूप स्पष्ट दिसत असे. आवाजातूनच प्राणी उभा राहू शकतो, हा शोध या मुलाला तेव्हाच लागलेला दिसतो.

याच आठवणींत आणखी एका खेळाचा उल्लेख येतो. 'राग बनविणे' असे त्याचे नाव. कोणाचा राग आला आणि त्याचे काही करता येत नसले की मुले एकत्र बसत आणि त्या माणसाच्या फजितीच्या एकाहून एक अचाट गोष्टी रचीत. त्याचे खरोखरीचे वाईट व्हावे असा त्यात हेतू नसे. गोष्ट रंगत गेली की हसता हसता राग निवून जाई. सुकुमारांच्या पुढच्या सगळ्या विनोदाचे बीज या खेळात आहे. त्यांच्या लेखनात उपहास भरपूर असला, तरी जखम करणारा शब्द त्यात सहसा आढळत नाही.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०६ मध्ये ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विषयांत ऑनर्स घेऊन पदवीधर झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्या काळी तेथे शिकवीत होते. याच सुमारास त्यांनी नातेवाईक आणि मित्र जमवून एक मंडळ काढले आणि त्याला सरळ 'नॉन्सेन्स क्लब' असे इंग्रजी नाव दिले. मंडळाच्या हस्तलिखित नियतकालिकाचे नाव होते 'साडेबत्तीस भाजा'. कलकत्त्याच्या रस्त्यांवर तेव्हा बत्तीस प्रकारचे तळलेले-भाजलेले जिन्नस एकत्र करून विकत आणि त्यावर अर्धी मिरची ठेवून देत. त्या अर्ध्या मिरचीचा हिशेब नावात धरलेला होता. क्लबसाठी त्यांनी 'झालापाला' आणि 'लक्ष्मणेर शक्तिशेल' ही प्रहसने लिहिली. दुसऱ्या प्रहसनात रामायणातील थोर पात्रे कलकत्त्याच्या मध्यमवर्गीय माणसांसारखी कुरकुरतात, टंगळमंगळ करतात आणि काम दुसऱ्यावर ढकलतात.

हे चालू असताना हातचे काम मात्र अत्यंत काटेकोर होते. कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून ते १९११ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला गेले. लंडन आणि मँचेस्टर येथे त्यांनी फोटो-एनग्रेव्हिंग आणि लिथोग्राफीचे उच्च शिक्षण घेतले. हाफटोनच्या जाळीतून प्रकाश कसा जातो आणि ठिपक्यांचे आकार कसे ठरतात, या विषयांवर त्यांचे लेख तेथील मुद्रणविषयक नियतकालिकांत छापून आले. पुढे ते रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलोही झाले. १९१२ मध्ये रवींद्रनाथ लंडनला आले, तेव्हा त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण बंगाली मंडळींत सुकुमार होते. रवींद्रनाथांच्या काव्यावर त्यांनी तेथे एक इंग्रजी निबंध वाचला आणि तो 'क्वेस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टागोरांना नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीची ही गोष्ट.

१९१३ मध्ये ते परतले, तेव्हा उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले होते. बंगालीत संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाईसुद्धा. मासिकाच्या नावातच असा श्लेष होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सुकुमारांचा सुप्रभा दास यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९१५ मध्ये, उपेंद्रकिशोर निवर्तले. छापखाना, व्यवसाय, कुटुंब आणि 'संदेश' या सगळ्याचा भार २८ वर्षांच्या सुकुमारांवर येऊन पडला. पुढची आठ वर्षे दर महिन्याला मासिकाची पाने भरणे हे त्यांचे नित्यकर्म झाले. कविता, कथा, चरित्रे, कोडी, यंत्रांची आणि प्राण्यांची माहिती, शिवाय चित्रे, असे सारे ते स्वतः करीत. त्यांचे बहुतेक साहित्य असे छापखान्याच्या तारखा सांभाळत, अंक वेळेवर निघावा म्हणून लिहिले गेले आहे.

याच मासिकात १९१५ च्या आरंभी 'खिचुडी' ही छोटी कविता प्रसिद्ध झाली होती. खिचुडी म्हणजे खिचडी. बदकाला बंगालीत हाँस म्हणतात आणि साळिंदराला सजारू. कवितेत दोघांचे मिळून हाँसजारू झाले. बक आणि कच्छप यांचा बकच्छप झाला. हाती आणि तिमी, म्हणजे हत्ती आणि देवमासा, एकत्र येऊन हातिमी झाला. या बिचाऱ्या हातिमीची पंचाईत अशी की त्याच्या एका अर्ध्याला पाण्यात जायचे असते आणि दुसऱ्याला जंगलात. प्रत्येक जोडीचे चित्र सुकुमारांनी प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशा गंभीरपणे काढले आहे.

वरवर पाहता ही मोडतोड वाटते. जरा बारकाईने पाहिले तर तिच्यामागचा नियम ध्यानात येतो. हाँस या शब्दाच्या शेवटी 'स' आहे आणि सजारू 'स'नेच सुरू होतो. बक 'क'ने संपतो, कच्छप 'क'ने सुरू होतो. हातीतील 'ती' आणि तिमीतील 'ति' एकमेकांत मिसळतात. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच असले पाहिजे, ही अट प्रत्येक ठिकाणी पाळलेली आहे. सामासिक शब्द कोणत्याही दोन शब्दांचा बनवता येतो. येथे मात्र दोन प्राण्यांत एक अक्षर सामाईक असल्याखेरीज सोयरीक जुळत नाही. संधीच्या नियमांहून हा नियम कडक म्हणावा लागेल.

कवितेच्या ओळींत नावे येतात ती या तीनच प्राण्यांची. उरलेल्या जोड्या कवी नुसत्या जुळवून देतो आणि बारसे वाचकावर सोपवितो. सिंह आणि हरिण यांची गाठ पडते, तेव्हा दोघांमधला 'ह' मुलाला आपसूक सापडतो आणि सिंहरिण तयार होतो. जिराफ आणि फडिंग, म्हणजे नाकतोडा, यांचा जिराफडिंग होतो. मोरग म्हणजे कोंबडा आणि गोरू म्हणजे गाय, त्यांचा मोरगोरू. विंचवाला बिछा म्हणतात आणि बकऱ्याला छागल, त्यांचा बिछागल. नियम सांगितलेला नाही, तरी पाच-सात वर्षांचे मूल तो पकडते आणि पुढचे शब्द स्वतः घडवू लागते. मराठीत बगळा आणि कासव यांना सांधणारे अक्षर मिळत नाही. त्यामुळे ही कविता अनुवादकाला हुलकावणी देते. बक आणि कच्छप हे शब्द मात्र आपल्याही ओळखीचे आहेत. म्हणून बकच्छप मराठी कानालाही परका वाटत नाही.

दोन शब्द एकमेकांत कोंबून तिसरा करण्याची युक्ती इंग्रजीत लुई कॅरोल यांनी १८७१ मध्ये अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात वापरली होती. सुकुमार कॅरोल आणि एडवर्ड लिअर या दोघांच्याही लेखनाशी परिचित होते. पण त्यांची भाषा आणि तिचा काळ निराळा होता. बंगालीत तेव्हा नवे शब्द घडविण्याचे काम अत्यंत गंभीरपणे चालू होते. १८९४ मध्ये नावारूपाला आलेली बंगीय साहित्य परिषद शास्त्रीय परिभाषा तयार करण्यात गुंतली होती. संस्कृत धातू आणि उपसर्ग लावून भूगोल, रसायन, वैद्यक यांचे शब्द पाडले जात होते. साधुभाषा की बोलभाषा, हा वादही पेटलेला होता. भाषा ही विद्वानांच्या सांभाळात ठेवण्याची मौल्यवान वस्तू आहे, अशी धारणा बळावत असतानाच मुलांच्या मासिकात हाँसजारू अवतरला. भाषा ज्याच्या तोंडी आहे त्या प्रत्येकाला, अगदी दुधाचे दात न पडलेल्या मुलालाही, शब्द घडविण्याचा हक्क आहे, हे त्याने कोणताही वाद न घालता दाखवून दिले.

'खिचुडी'नंतर 'संदेश'च्या पानांवर अशा प्राण्यांची आणि माणसांची रांगच लागली. भोपळ्याला बंगालीत कुमडो म्हणतात. त्यावरून कुमडोपटाश हा अगडबंब प्राणी आला, ज्याच्या नाचण्या-रडण्या-हसण्यानुसार सर्वांना विचित्र कवायती कराव्या लागतात. बंगालीत 'राम' हा उपसर्ग थोरपणा दाखवतो, जसे रामछागल म्हणजे मोठा बोकड. त्यावरून रामगरुड आला, ज्याच्या पिल्लांना हसण्याची सक्त मनाई आहे आणि जी वाऱ्याच्या झुळकीतही हास्य लपले असेल या भीतीने दचकत असतात. ट्याँशगोरू आली, जी नावाने गाय असली तरी प्रत्यक्षात पक्षी आहे आणि एका कचेरीत आढळते. 'एकुशे आइन' या कवितेत शिवशंकराच्या देशातले कायदे आले. तेथे पाय घसरून पडले तरी शिपाई धरून नेतो आणि एकवीस रुपये दंड होतो. परक्या सरकारच्या कायद्यांखाली राहणाऱ्या मोठ्या माणसांनी ही कविता वाचताना काय ताडले असेल, ते सांगायला नको.

शब्द आणि अर्थ यांच्या नात्याचा सुकुमारांनी गंभीरपणेही विचार केला होता. 'भाषार अत्याचार' या निबंधात भाषेच्या जुलमाची मीमांसा आहे. विचार वाहून नेण्यासाठी भाषा असते, पण शब्द रुळले की माणूस शब्दालाच विचार समजू लागतो. एखाद्या गोष्टीला भारदस्त नाव मिळाले की ती समजली असे आपल्याला वाटते. ज्ञानाची जागा मग ओळखीचे शब्द घेतात. धर्म, समाज, राजकारण या सर्व क्षेत्रांत मोठमोठ्या शब्दांचे पीक आलेल्या काळात हा इशारा होता. 'शब्दकल्पद्रुम' नावाच्या त्यांच्या नाटकात एक गुरुजी शब्दांना अर्थाच्या बेडीतून सोडविण्याचा पंथ चालवतात आणि शिष्यांसह निव्वळ शब्दांच्या बळावर स्वर्ग गाठू पाहतात.

शब्दकल्पद्रुम हे मुळात एकोणिसाव्या शतकात राधाकांत देव यांनी सिद्ध केलेल्या संस्कृत महाकोशाचे नाव. तेच नाव सुकुमारांनी आपल्या एका कवितेलाही दिले. बंगालीत फूल फुटते, हिम पडते, चंद्र बुडतो, रात्र कापली जाते आणि झोप मोडते. रोजच्या वापराने हे वाक्प्रचार इतके गुळगुळीत झालेले असतात की त्यांतील क्रिया कोणाला ऐकू येत नाही. कवितेत ती ऐकू येते. फूल फुटल्याचा धडाका होतो, हिम पडल्याचा धप्प आवाज येतो आणि चंद्र बुडबुडे काढीत बुडतो. विद्वानांच्या कोशात शब्दांचे अर्थ मिळतात. या छोट्या कोशात त्यांचे आवाज परत मिळाले.

१९२२ मध्ये 'संदेश'मधून 'ह य ब र ल' ही दीर्घ गद्यकथा आली. पाणिनीच्या माहेश्वर सूत्रांत ह, य, व, र आणि ल ही अक्षरे याच क्रमाने येतात. बंगाली उच्चारात 'व'चा 'ब' होतो आणि बोलण्यात या पाच अक्षरांचा अर्थ होतो सावळागोंधळ. व्याकरणातील अत्यंत शिस्तबद्ध रचना आणि गोंधळ यांना एकच नाव असणे, ही गंमत सुकुमारांनी नेमकी हेरली. घामाघूम झालेला मुलगा रुमाल घ्यायला हात पुढे करतो, तर त्या रुमालाचे मांजर झालेले असते. अंड्यातून बदक निघते तर रुमालाचे मांजर का होऊ नये, हा मांजराचा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. काक्केश्वर कुचकुचे हा कावळा पाटीवर हिशेब मांडतो. त्याच्या मते सात दुणे चौदा हे नेहमी खरे नसते, वेळेवर अवलंबून असते. उधो आणि बुधो या म्हाताऱ्यांच्या देशात वय चाळीस झाले की उलटे मोजायला लागतात, म्हणजे माणूस म्हातारा होऊन मरत नाही. ब्याकरण शिंग, बी. ए., हा विद्वान बोकड आहे. त्याला 'ब्या' करता येते म्हणून ब्याकरण, आणि डोक्यावर शिंगे आहेत म्हणून शिंग.

या साऱ्या काळात सुकुमारांभोवती माणसांचा राबता असे. इंग्लंडहून आल्यावर त्यांनी 'मंडे क्लब' काढला होता. सोमवारी जमणाऱ्या या मंडळात खाण्यापिण्याची चंगळ असल्यामुळे, मंडा या मिठाईवरून, त्याचा 'मंडा क्लब' होण्यास वेळ लागला नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी, कवी अतुलप्रसाद सेन आणि सत्येंद्रनाथ दत्त अशी मंडळी त्यात होती. सभेची निमंत्रणे सुकुमार पद्यात लिहीत आणि ती छापली जात. ब्राह्मो समाजातील तरुणांचेही ते पुढारी होते. टागोरांना साधारण ब्राह्मो समाजाचे सन्माननीय सदस्यत्व मिळावे यासाठी तरुणांनी जुन्या मंडळींशी जो झगडा केला, त्यात ते आघाडीवर होते.

२ मे १९२१ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव सत्यजित. त्याच वर्षी मैमनसिंहकडील वडिलोपार्जित जमिनीच्या कामासाठी जाऊन आल्यावर सुकुमारांना ताप येऊ लागला. तो काळाआजार होता. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा रोग तेव्हा बंगाल आणि आसामात हजारो माणसे गिळत होता. ताप उतरे, पुन्हा चढे, अंगातील रक्त आटत जाई आणि प्लीहा वाढत राही. याच कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे त्या सुमारास युरिया स्टिबामाइन या औषधावर काम करीत होते. पुढे या औषधाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. सुकुमारांच्या वेळेपर्यंत मात्र ते सर्रास वापरात आलेले नव्हते.

सुमारे अडीच वर्षे हे आजारपण चालले. हवापालट झाला, उपचार झाले, पण प्रकृती खालावतच गेली. आपल्याला काय झाले आहे, हे विज्ञानाच्या या पदवीधराला कळत नव्हते असे मानता येणार नाही. तरीही 'संदेश'चे अंक निघत राहिले. 'ह य ब र ल' या आजारपणातलेच लेखन आहे. 'हेशोराम हुशियारेर डायेरी' ही कथाही याच काळातली. आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'लॉस्ट वर्ल्ड' या १९१२ च्या कादंबरीची ती नक्कल. प्राध्यापक हेशोराम हुशियार काराकोरमच्या बाजूला शोधमोहिमेवर जातात आणि नव्या प्राण्यांना शास्त्रीय नावे देत सुटतात. खादाड प्राणी हँग्लाथेरियम, तोंड फुगवून बसणारा गोमडाथेरियम, किंचाळणारा चिल्लानोसोरस आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला बेचाराथेरियम. लॅटिन शेपूट लावले की रस्त्यावरच्या शब्दालाही विद्वत्तेची झूल चढते, हे शब्दांच्या जुलमाविषयीचे जुनेच सूत्र. येथे ते मुलांच्या खेळात विरघळून गेले आहे. भावंडांना भवंदोला आणि मंतुपाइन दाखविणारा ताता ३५ व्या वर्षी, अंथरुणाला खिळलेला असताना, पुन्हा तोच खेळ खेळत होता.

'संदेश'मधील कवितांचे पुस्तक काढायचे ठरले, तेव्हा त्याचे सर्व काम सुकुमारांनी अंथरुणावरूनच पाहिले. कवितांची निवड केली, काही ओळी बदलल्या, चित्रे नव्याने काढली, कोणत्या पानावर काय येईल ते आखून दिले आणि मुखपृष्ठाचे रंग ठरविले. हातात बळ नसले तरी मुद्रकाची नजर ढळली नव्हती. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक नवी कविता घातली आणि तिलाही 'आबोल ताबोल' हेच शीर्षक दिले. तिच्यात ढग आहेत, चंद्रप्रकाश आहे, गंध आहे, तबल्याचा नाद आहे. नेहमीसारखी विसंगत चित्रांची मिरवणूक निघते आणि हळूहळू अंधार जवळ येत जातो. अखेरीस झोप दाटते आणि गाणे थांबते. मुलांना ती केवळ झोपेची कविता वाटते. मोठी माणसे ती पुन्हा वाचतात तेव्हा तिचा दुसरा अर्थ त्यांना कळतो. मृत्यू समोर दिसत असताना कवीने शोकाचा एकही शब्द पुढे केला नाही. आयुष्यभर ज्या बोलीत तो मुलांशी बोलला, त्याच बोलीत त्याने निरोप घेतला.

अखेरच्या दिवसांत रवींद्रनाथ त्यांना भेटायला आले. सुकुमारांनी त्यांना काही गाणी म्हणण्याची विनंती केली आणि रवींद्रनाथांनी उशाशी बसून ती गाऊन दाखविली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० सप्टेंबर १९२३ रोजी, सर्व संपले. सत्यजित तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. वडिलांची जेमतेम एखादी पुसट आठवण त्यांच्यापाशी उरली.

घराचे दिवसही फिरले. काही वर्षांतच यू. राय अँड सन्स ही पेढी बुडाली आणि गडपार रोडचे घर कुटुंबाला सोडावे लागले. सुप्रभा राय मुलाला घेऊन भावाच्या आश्रयाला गेल्या आणि विधवांसाठी चालविलेल्या एका संस्थेत शिकवून त्यांनी त्याला वाढविले. 'संदेश' बंद पडला, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह तो पुन्हा सुरू केला आणि त्यासाठी लिहिता लिहिता ते स्वतः बंगालीतील लोकप्रिय लेखक झाले. वडिलांच्या अनेक कवितांचे त्यांनी इंग्रजीत अनुवाद केले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८७ मध्ये, त्यांनी 'सुकुमार राय' हा लघुपट काढला. ज्या वडिलांना त्यांनी जवळजवळ पाहिलेच नव्हते, त्यांच्याशी त्यांची ओळख झाली ती घरात उरलेल्या पुस्तकांतून, चित्रांतून आणि शब्दांतून.

छापखाना गेला, घर गेले. हाँसजारू, बकच्छप आणि हातिमी मात्र कुठे गेले नाहीत. ढाक्यापासून कलकत्त्यापर्यंत आणि देशोदेशी पांगलेल्या बंगाली घरांत ते अजून नांदत आहेत. कोणीतरी मांडीवरच्या मुलाला ती कविता म्हणून दाखवितो. सिंह आणि हरिण एकत्र आल्यावर काय होईल, असे विचारतो. मूल क्षणभर थांबते, दोन शब्दांमधले ते एक अक्षर शोधते आणि सापडले की खळखळून हसते.